भाग्यलक्ष्मीच्या डब्यातली फ्लॉपी

१. गुन्हेगार आधी, तपास मागून

शनिवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मानसिंगरावांच्या घरातला काँप्युटर मेला आणि साडेनऊच्या आत गुन्हेगार सापडला. तपास त्यानंतर सुरू झाला. हनुमंतनगरातल्या त्या घरात बहुतेक कामं ह्याच क्रमानं होत.

गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. ती काँप्युटरसमोरच्या खुर्चीत बसली होती. भाग्यलक्ष्मी, वय बत्तीस, मूळची निपाणीकडची. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. रोज दोन बस बदलून यायची आणि मराठी स्नेहवर्धक मंडळाची कुटुंबसूची टाइप करायची. तीनशे वर्षांपासून बेंगळुरात रुजलेली अकराशे चाळीस मराठी घरं होती त्या सूचीत. मूळ गाव, गोत्र, पत्ता, फोन आणि लग्नाची मुलंमुली. मंडळाचे अध्यक्ष मानसिंगराव, म्हणून मंडळाचा काँप्युटर मानसिंगरावांच्या घरी. हा हिशेब आजवर कुणी विचारला नव्हता.

संयोगिता वरच्या माळ्यावर राहायची. मानसिंगरावांची धाकटी बहीण, वय सत्तेचाळीस, बिनलग्नाची. एका सरकारी कारखान्याच्या काँप्युटर विभागात तिची एकवीस वर्षं गेली होती. भोकं पाडलेली कार्डं यंत्राला भरवायचे तेव्हापासून. घरात काँप्युटर आणायचं ठरलं तेव्हा तिला कुणी एक शब्द विचारला नाही. "तुझं ते फॅक्टरीतलं मोठं मशीन. हे घरचं," असं भावानं तिला समजावलं होतं. चौथा शनिवार, म्हणून ती घरी होती. हाक आली तशी खाली आली.

पडदा काळा होता. बटण दाबलं की पंखा घुं करायचा, आणि पुढं काहीच नाही. डब्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, वरून लिंबू-मिरची, शेजारी मानसिंगरावांच्या पत्नी कृष्णावहिनींच्या जुन्या रेशमी साडीचा अभ्रा. भिंतीवर मानसिंगरावांच्या हिरव्या शाईतले नियम: चपला बाहेर. हातपाय धुतल्याशिवाय यंत्राला शिवू नये. सर्दी-पडसं असणाऱ्यानं दोन दिवस लांब राहावं. बाहेरची प्रत्येक फ्लॉपी वहीत नोंदवून, तपासूनच आत घालावी.

दुरुस्तीवाला मल्लाप्पा आधीच येऊन जमिनीवर बसला होता. बेळगावकडचा, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलणारा. त्यानं डबा उघडला, चिपकडे बघितलं, डिस्क आपल्या तपासणीच्या पेटीला जोडली आणि ओठ पुढं काढले.

"डिस्क कोरी हाय साहेब. चिप पण गेलीया. असं करणारा एकच व्हायरस सध्या फिरतोय."

"म्हणजे व्हायरसच!" मानसिंगराव म्हणाले. "मी म्हणत होतो, ही मागच्या आठवड्यात शिंकत होती."

भाग्यलक्ष्मी खुर्चीवरून उठून भिंतीशी उभी राहिली.

"पण एक भानगड हाय," मल्लाप्पा डोकं खाजवत म्हणाला. "तो व्हायरस महिनाभर झोपतोय आणि सव्वीस तारखेलाच उठतोय. एक दिवस आदी न्हाई, एक दिवस मागनं न्हाई. आज बावीस. आज उठायचा असंल तर कुणीतरी फ्लॉपीवरनं मुद्दाम उठवायला पायजे."

मानसिंगराव सावकाश वळले.

"बाई, तुमची पिशवी दाखवा."

पिशवीत छत्री होती, बसचा पास होता आणि जेवणाचा डबा होता. डब्याच्या वरच्या कप्प्यात, चपात्यांवर, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली एक फ्लॉपी होती.

२. लाखेचं सील

मानसिंगरावांनी फ्लॉपी चिमट्यानं उचलली. लिफाफ्यात घातली. देवघरातून लाख आणली आणि लिफाफ्यावर मंडळाचा शिक्का मारला.

"अण्णा, त्यात काय आहे ते आधी बघू तरी," संयोगिता म्हणाली.

"तो पुरावा आहे. पुराव्याला कुणी हात लावायचा नाही. उद्या दहाला गौरी-गणपतीची सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर तक्रार वाचून दाखवतो आणि तिथून थेट पोलीस स्टेशन. काल संध्याकाळी हिला सांगितलं, की एक तारखेपासून तुमचं काम खजिनदार श्रीरंगरावांची मुलगी क्षमा करील. आज सकाळी यंत्र गेलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"काम उरलं किती होतं?"

"दहा-बारा घरं."

"म्हणजे अकराशे हिनं केली आणि शेवटच्या दहावर नाव क्षमाचं?"

"नाव कुणाचंच नाही. संकलन माझं आहे," मानसिंगराव म्हणाले. त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही.

भाग्यलक्ष्मी अंगणात तुळशीपाशी चपला घालत होती. डोळे कोरडे होते.

"उद्या येऊ नकोस," संयोगिता म्हणाली. "मी बघते."

"येणार अक्का. न आले तर पळाली म्हणतील. बोम्मसंद्र्यात घरोघरी टायपिंगची कामं घेते मी. पोलिसात नाव गेलं की कोण दारात उभं करंल?"

"फ्लॉपीत काय आहे?"

भाग्यलक्ष्मीनं घराकडं एकदा बघून घेतलं.

"समदी सूची. अकराशे तीस घरं. रोज जाताना नकल काढून न्यायची. मशीनचा काय भरवसा हो? अण्णांना म्हटलं होतं, दोन नकला ठेवूया. ते म्हणाले, तुम्ही टायपिंग करा."

ज्या सूचीसाठी घरात सुतक पडलं होतं, ती अखंड, अध्यक्षांच्या स्वतःच्या खिशात, अध्यक्षांच्याच शिक्क्याखाली होती.

"मग सांग ना त्यांना आत्ताच!"

"न्हाई." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आता सांगितलं तर सूची घेतील आणि चोर बी म्हणतील. आदी माझं नाव साफ होऊ दे. तुमी पण सांगायचं न्हाई, अक्का. आणि उघडून बी उपेग न्हाई त्यांना. फायलीला मी कुलूप घातलंय. एक शब्द टाकल्याबिगर ती उघडत न्हाई."

"कुठला शब्द?"

भाग्यलक्ष्मीनं दुसरी चप्पल घातली आणि फाटकाकडे निघाली.

३. न उजाडलेला मंगळवार

शौर्य गच्चीवर सापडला. मानसिंगरावांचा मुलगा, तेवीस वर्षांचा, एका कंपनीत ट्रेनी. बोलायला लागला की अर्धं इंग्रजी.

"आत्या, आय नो तुला काय वाटतंय. गेम्स. बट माझ्या सगळ्या फ्लॉप्या मल्लाप्पा तपासून देतो. वहीत बघ."

तिनं वही आणली होती. शौर्यच्या नऊ फ्लॉप्या, प्रत्येकीपुढं तारीख आणि 'तपासली'. भाग्यलक्ष्मीची एक, पहिल्या दिवशी: 'कोरी. तपासली. हात धुतले.' तिसरं नाव नव्हतं.

"ह्याशिवाय कुणाची फ्लॉपी घातली गेली?"

"बाहेरची? नाही."

"मी बाहेरची म्हटलं नाही, शौर्य."

त्यानं घड्याळाकडं बघितलं. ऑफिसला सुट्टी असूनही उशीर झालेल्या माणसासारखं. "आत्या, सगळं माझ्या अप्पांना विचार ना," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

कृष्णावहिनी मोदकाचं सारण भाजत होत्या. शनिवारी अमावास्येला यंत्र सुरू केलं हेच मूळ, असं त्यांचं मत होतं. "हे स्वतः अमावास्येला शिवत नाहीत. तिला मात्र ये म्हणाले."

"म्हणजे अमावास्या तिला चालते?"

"ती कामाला येते," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं एवढं कारण पुरेसं होतं.

रोजचं टाइप केलेलं एक पान भाग्यलक्ष्मीनं छापून द्यायचं, मानसिंगरावांनी त्यावर वर हिरव्या शाईत सही आणि तारीख घालायची, आणि पान फाइलला लावायचं, अशी घरातली पद्धत होती. वहिनींनी ती फाइल काढून दिली. "वाच बाई. निदान त्यातलं तरी वाचलं."

संयोगिता ओट्याशीच उभी राहून पानं चाळू लागली. सगळ्यात वर शुक्रवारचं पान होतं. वर भावाची डौलदार सही, तारीख एकवीस-आठ. मधे चामराजपेटेतली सहा घरं. आणि तळाशी, जिथं काँप्युटर आपला आपण तारीख छापतो, तिथं बारीक आकडे.

तिनं चष्मा पुसला आणि परत वाचलं.

पंचवीस-आठ-अठ्ठ्याण्णव.

कागद काल छापलेला होता आणि त्याच्यावर तारीख मंगळवारची होती. गणेशचतुर्थीची. अजून मोदकाचं सारणसुद्धा भाजून झालं नव्हतं.

४. आषाढातलं यंत्र

फाइलीतल्या प्रत्येक पानाची तीच गत होती. वर मानसिंगराव, खाली काँप्युटर, आणि दोघांमध्ये नेमके चार दिवस. खालची तारीख महिनाभरात कुणी वाचली नव्हती. घरातल्या माणसांची नजर सहीपाशी थांबत असे, कारण सही अध्यक्षांची असे.

मल्लाप्पाचं दुकान पन्नास फुटी रस्त्यावर होतं. संयोगितानं फाइल त्याच्या समोरच्या चहाच्या पेल्याशेजारी आपटली. पेला हिंदकळला.

"वीस जुलैला तू अण्णांकडं मशीन बसवलंस. त्यात तारीख कुठली घातलीस?"

"वीस जुलैच की."

"मल्लाप्पा."

त्यानं पान बघितलं. मग दुसरं. मग त्याचा चेहरा एकेक बोट उतरत गेला.

"अय्यो," तो म्हणाला. "आषाढ होता, अक्का."

"मग?"

"सवलतीची स्कीम वीसला संपत होती, म्हणून मशीन त्या दिवशीच उचलावं लागलं. साहेब म्हणाले, आषाढात यंत्र सुरू करायचं न्हाई. म्हटलं, मग श्रावणापर्यंत झाकून ठेवा. म्हणाले, मंडळाची माणसं पूजेला येऊन बसलीत. मग त्यांनीच युक्ती काढली. मशीनमधी तारीख चोवीस जुलै घालायची. श्रावणातला पहिला शुक्रवार. म्हणजे यंत्राच्या हिशोबानं यंत्र श्रावणातच सुरू झालं."

"आणि नंतर बरोबर केली नाहीस?"

"म्हटलं की! म्हणाले, एकदा लागलेला मुहूर्त मोडायचा न्हाई."

संयोगितानं डोळे मिटले. आपला भाऊ देवाला फसवू शकतो, यावर त्याचा विश्वास होता हे तिला ठाऊक होतं. एका व्हायरसनं मात्र त्याच्यावर अक्षरशः विश्वास ठेवला होता.

"म्हणजे आज सकाळी त्या मशीनच्या लेखी तारीख किती होती?"

मल्लाप्पा बोटं मोजत बसला नाही. हिशोब सोपा होता. त्याचा आवाज खाली गेला.

"सव्वीस."

"तो आपल्या वेळेवर उठला. कुणी उठवला नाही. आणि सकाळी तू काय बोललास? 'कुणीतरी मुद्दाम.' तुझ्या त्या एका वाक्यानं उद्या एक बाई पोलीस स्टेशनात उभी राहणार आहे."

"चाळीस घरात मशीनं लावली मी, अक्का! कुणाकडं राहुकाळ चुकवायचा, कुणाकडं अष्टमी. कुठल्या घरात काय घातलं, ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

"उद्या दहाला सभेत येऊन हे सांगायचं. दुकानातलं मशीन रिक्षात घालून आणायचं. स्वल्प उशीर झाला तरी त्या चाळीस घरांना मी स्वतः फोन करीन."

"सरी अक्का, येतो की," मल्लाप्पा घाईनं म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण एक सांगा. तो उठला सव्वीसला, ते ठीक. पण मुळात आत शिरला कसा? मी पहारेकरी बसवला होता. कुठलीही फ्लॉपी आत गेली की तो तपासतोय, किडा दिसला की लाल चौकट दावतोय. त्याला कुणीतरी गप केल्याबिगर कोण आत येऊ शकत न्हाई."

५. लाल चौकट

वहिनी सारण झाकून ठेवत होत्या.

"वहिनी, यंत्राचा पडदा कधी लाल झाला होता?"

वहिनींच्या हातातलं झाकण वाजलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगताय."

वहिनी पाटावर बसल्या. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या व्रताला थोरली मुलगी रक्षिता आणि जावई आले होते. जावई गिरीराज, पुण्याचा, इथे कोरमंगलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सासऱ्यांसाठी त्यानं एक फ्लॉपी आणली होती. पंचांगाचा प्रोग्राम. रोजचा राहुकाळ, तिथी, नक्षत्र, सगळं पडद्यावर. फ्लॉपीला कुंकू लावलं, ओवाळलं आणि आत घातली.

"आणि?"

"कुई कुई वाजायला लागलं. पडदा सगळा लाल. सणाच्या दिवशी, सवाष्णी बसलेल्या! ह्यांनी शौर्याला डोळ्यानं खूण केली, बंद कर ते. त्यानं केलं. मग पंचांग छान चाललं. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून हे आधी पंचांग उघडतात आणि मग बाकीचं."

"वहीत त्याची नोंद नाही."

"जावयाची वस्तू वहीत लिहायची? बाहेरचे आहेत का ते?"

फ्लॉपी देवघरात होती, चांदीच्या वाटीखाली. संयोगितानं ती वाटीखालून काढली, उजेडात धरली आणि कोपऱ्यातली बारीक चौकोनी खिडकी बघितली. मग रिक्षा करून पुन्हा मल्लाप्पाकडे गेली. शौर्यच्या नऊ फ्लॉप्याही घेऊन गेली, कारण तपास अर्धा करायची तिला सवय नव्हती. नऊच्या नऊ स्वच्छ निघाल्या. दहावीला मल्लाप्पाच्या पडद्यावर लाल चौकट आली. चौकटीला अमावास्या-पौर्णिमा काही कळत नव्हतं.

परत आल्यावर तिनं गिरीराजला फोन लावला.

"हो आत्या, ऑफिसमधल्या कलीगकडून कॉपी केली होती. व्हाय, काय झालं?"

तिनं सांगितलं.

"आत्या, आय स्वेअर, मी त्यांना म्हटलं होतं. बाबा, आधी स्कॅन करून घ्या. बाहेरून आणलीये. तर ते एवढे हर्ट झाले! म्हणाले, जावयाची वस्तू तपासायला आम्ही काय जकात नाका आहोत? त्या लाल बॉक्सच्या वेळी मी परत म्हणणार होतो. पण रक्षितानं पाय दाबला."

"उद्या सभेत येऊन हे सांगशील?"

"आत्या, प्लीज. ते माझे फादर-इन-लॉ आहेत."

"आणि ती?"

"कोण ती?"

संयोगितानं फोन ठेवला. एका माणसाचा पाय दाबला गेला, एकाला डोळ्यानं खूण केली गेली, एकाला चाळीस घरं आठवत नव्हती. सगळी चांगली माणसं होती. त्या सगळ्यांच्या चांगुलपणाचं बिल दोन बस बदलून येणाऱ्या बाईच्या नावावर फाडलं जात होतं.

जिन्याशी मानसिंगराव उभे होते. फोनवरचं त्यांनी ऐकलं होतं.

"संयू," ते हळू आवाजात म्हणाले, "जावयाचं नाव सभेत घेतलंस तर ह्या घराचा जिना तुझ्यासाठी बंद."

६. मागची रांग

सभेला ऐंशी माणसं होती. मांडवाची वर्गणी, मूर्तीची उंची, आणि तिसरा विषय तक्रार. हॉलच्या कोपऱ्यात मल्लाप्पानं दुकानातलं मशीन मांडलं होतं. भाग्यलक्ष्मी शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मानसिंगरावांनी तक्रार खणखणीत आवाजात वाचली. 'विश्वासघात' हा शब्द त्यात चार वेळा आला. मग त्यांनी लाखेचा लिफाफा उंच धरला.

संयोगिता उठली.

"अध्यक्ष, एक विचारते. आज तारीख किती?"

"तेवीस. हा काय प्रश्न?"

"तुमच्या यंत्रात आज किती असती?"

उत्तर मल्लाप्पानं दिलं. आषाढ, स्कीम, श्रावणातला शुक्रवार, मोडायचा नसलेला मुहूर्त. पूजेला आलेली माणसं सभेत बसली होती. त्यांनी पेढे खाल्ले होते, त्यामुळं नाकारता येईना. संयोगितानं पानं फिरवली. वर एकवीस, खाली पंचवीस. रांगेरांगेनं चष्मे निघाले.

"म्हणजे काल यंत्राच्या लेखी सव्वीस तारीख होती. व्हायरस आपणहून उठला. भाग्यलक्ष्मीच्या जागी खुर्चीत अध्यक्ष असते तरी उठला असता. ते नव्हते, कारण अमावास्या होती."

"पण तो आणला कुणी?" मानसिंगराव उसळले. "हिच्याच फ्लॉपीनं!"

"हिची फ्लॉपी पहिल्या दिवशी तपासून वहीत आहे. त्यानंतर ती ह्याच यंत्राबाहेर कुठं चालली नाही. बोम्मसंद्र्यात तिच्याकडं यंत्रच नाही." संयोगितानं पर्समधून दुसरी फ्लॉपी काढली. कुंकू अजून दिसत होतं. "ही वहीत नाही. ह्याच्यात व्हायरस आहे, मल्लाप्पानं बघितलाय."

"तो आमच्या यंत्रातून तिच्यात गेला असेल. उलटं कशावरून नाही?"

प्रश्न चांगला होता. संयोगिताला क्षणभर भावाचं कौतुक वाटलं.

"ह्या कोपऱ्यातली खिडकी उघडी आहे. ती उघडी असली की फ्लॉपीवर कुणालाही काही लिहिता येत नाही. फक्त वाचता येतं. देणाऱ्यानं ती उघडी ठेवून दिली, आणि तुम्ही ती देवघरात ठेवलीत. यंत्रातून हिच्यात काहीच जाऊ शकत नाही. जे आहे ते हिच्याबरोबर आलं. पहारेकऱ्यानं तुम्हाला लाल चौकट दाखवली, कुई कुई ओरडून सांगितलं. तुम्ही त्याला गप केलंत. सवाष्णी बसल्या होत्या म्हणून."

"जावयाचं नाव—"

"जावयाचं नाव मी घेतलं नाही. घेणारही नाही. ज्यानं दिली त्यानं 'तपासा' म्हणून सांगितलं होतं. व्हायरस तुम्ही आत घेतलात, अण्णा. रोज सकाळी आंघोळ करून तुम्हीच त्याला जागा करून देत होतात. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, शिंकणाऱ्या बाईला दोन दिवस घरी बसवलं. आणि तो पुढच्या दारानं, कुंकू लावून आला."

दुसऱ्या रांगेत शौर्य जमिनीकडं बघत होता.

खजिनदार श्रीरंगरावांनी हात वर केला. समंजस माणूस. "जे झालं ते झालं. आपण इतिवृत्तात असं लिहू, की अमावास्येमुळे यंत्र बंद पडले. तक्रार आपोआप रद्द. कुणाचं नाव नको, कुणाचा अपमान नको."

ऐंशी माना एकदम हलल्या. सुटकेचा निःश्वास हॉलच्या खांबांपर्यंत गेला. संयोगिताच्या हातातला कागद चुरगळला. तिनं तोंड उघडलं.

पण मागून आवाज आला.

"अमावास्येला कुणी विश्वासघातकी म्हटलं न्हवतं. मला म्हटलं होतं. चार येळा."

भाग्यलक्ष्मी उभी होती.

"त्या पाकिटात तुमची समदी सूची हाय. अकराशे तीस घरं. मल्लाप्पाण्णा, लावून बघा."

लाख फुटली. सगळे मशीनभोवती जमले. मल्लाप्पानं फ्लॉपी आधी तपासली. चौकट आली नाही. फाइल दिसली, आणि फाइलीनं शब्द मागितला.

"शब्द सांगा बाई," मानसिंगराव म्हणाले. आवाजात अजून अध्यक्ष होता.

"सांगते. तक्रार जशी वाचलीत, तिथंच उभं राहून, तशीच माघारी घ्या. माझं नाव घेऊन."

"संयू, हिला समजाव."

"मला समजलंय, अण्णा," संयोगिता म्हणाली.

मानसिंगराव व्यासपीठावर गेले. कागद हातात नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं ते कळेना. "सौ. भाग्यलक्ष्मी ह्यांच्यावर केलेला आरोप... चुकीच्या समजुतीतून... आम्ही मागे घेत आहोत," असं ते आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला म्हणाले.

"मागच्या रांगेला ऐकू आलं न्हाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. मागच्या रांगेत तिच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.

त्यांनी परत म्हटलं. मोठ्यानं. 'समजुतीतून'च्या जागी या वेळी 'माझ्या चुकीमुळे' आलं. कुणी टाळी वाजवली नाही.

भाग्यलक्ष्मी मशीनपाशी आली. खुर्ची ओढली, बसली, बोटं कळफलकावर ठेवली आणि थांबली. तिच्या खांद्यावरून ऐंशी मंडळी वाकून बघत होती. अध्यक्ष सगळ्यात पुढं.

"तोंडं तिकडं करा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. ती थांबून राहिली. पंखे फिरत होते.

सगळ्यांच्या आधी संयोगिता वळली. मग मल्लाप्पा, मग शौर्य, मग श्रीरंगराव, मग एकेक रांग. शेवटी मानसिंगरावांनी पाठ फिरवली. मराठी स्नेहवर्धक मंडळ, अध्यक्षांसकट, भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं, आणि मागून भाग्यलक्ष्मीच्या बोटांचा, कुठलीही घाई नसलेला, एकेक कळ दाबल्याचा आवाज ऐकत राहिलं.